कच्च्या टाक्याची मुदत

सोमवार, ४ मार्च

पोचले एकदाची. बस उशिरा आली, बॅगेचं एक चाक वाटेतच निखळलं, आणि तरी मी आज इतकी खूश आहे की कुणाशी भांडायचंही सुचलं नाही. ताई थांब्यावर उभी होती. मला बघताच पहिलं वाक्य काय, तर कोटाच्या बाह्या लांब आहेत आणि अशी बुजगावण्यासारखी उद्या नोकरीवर जाणार आहेस का. चार वर्षांनी भेटली तरी नजर आधी शिवणीवरच.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीपाशी तिचं शिवणाचं मशीन, शेजारी लोकांच्या पँटींचा आणि पडद्यांचा ढीग. नवीन कपडे ती शिवत नाही. लांबी कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, असली कामं. जिन्याच्या दारावर तिने पाटी लावली आहे, ‘शिवणकाम, दुसरा मजला’. आतली खोली तिने मला दिली आणि स्वतः बाहेरच्या कोचावर पथारी टाकली. मी नको नको म्हटलं, पण ताईपुढे माझं आजवर चाललंय कधी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तेव्हापासून माझी वेणी, माझा अभ्यास, माझी आजारपणं, सगळं हिनेच केलं. ही नोकरीसुद्धा तिनेच शोधली. तिथल्या साहेबांची पँट दुरुस्त करताना विचारून टाकलं म्हणे.

ही वही तिचीच भेट. तुझी टकळी दिवसभर चालते, निम्मी तरी या वहीत चालव म्हणजे माझे कान सुटतील, असं म्हणाली. लहानपणापासून मी तिची टकळी. बाकी कुणाला हे नाव ठाऊकही नाही.

मंगळवार, ५ मार्च

ऑफिस पाणीपुरवठ्याचं. तळमजल्यावर बिलं भरायची खिडकी, वर आम्ही. आम्ही म्हणजे साहेब, हिशेबाच्या बाई आणि मी. माझी खोली कोपऱ्यात. एक टेबल, बॅकअपचं मशीन, आणि दारामागच्या खुंटीवर कुणाचातरी भलामोठा कोट. हिशेबाच्या बाई म्हणाल्या, तुमच्याआधी जे होते त्यांचा तो. चांगले उंच गृहस्थ होते, परवापरवापर्यंत इथेच बसायचे, मग यायचेच बंद झाले. खुर्चीसुद्धा त्यांच्या उंचीची आहे. माझे पाय लोंबकळत होते.

काम माझ्या हातचं आहे. ताईला संध्याकाळी समजावलं तसंच इथे लिहिते. आधी सगळ्याची एक पूर्ण नक्कल घ्यायची. मग रोज सगळं परत उतरवत बसायचं नाही, कालपासून जे बदललं तेवढंच बाजूला ठेवायचं. असे रोजचे बदल साठत जातात. ते किती दिवस सुटे ठेवायचे याची मुदत ठरवायची. मुदत संपली की सगळ्यात जुना बदल पूर्ण नकलेत मुरवायचा आणि सुटा फेकून द्यायचा. सुटा आहे तोवर मागे फिरता येतं. मुरला की संपलं.

ताई म्हणाली, एवढंच ना, म्हणजे कच्चा टाका आणि पक्की टीप. मी इतकी वर्षं लोकांना हे सांगायला तास घालवते आणि हिने पाच शब्दांत गुंडाळलं.

डिस्क गच्च भरली होती. साहेब म्हणाले, काहीतरी करा बुवा. मी पाहिलं तर मुदत तीस दिवसांची. कशाला हवी एवढी? मी ती सात दिवसांवर आणली. शिवाय ‘जागा कमी पडल्यास मुदतीआधी मुरवावे’ या पर्यायावर खूणही करून टाकली. पसारा मला बघवत नाही. मुरवण्याचं काम इथे जेवणाच्या सुट्टीत चालतं. आम्ही जेवून येईपर्यंत डिस्क निम्मी रिकामी. साहेब खूश.

बॅकअपच्या यादीत पाच नावं आहेत. हिशेब, पगार, नकाशे, पत्रव्यवहार आणि ‘बाकीचं’. ते बाकीचं म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नाही. साहेब म्हणाले, मी यायच्या आधीपासून आहे, असू दे, त्याला हात लावू नका.

जेवणानंतर खोलीत आले तर खुंटीवर कोट नव्हता. हिशेबाच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, कसला कोट, तुमच्याआधी इथे कुणी नव्हतंच, ही जागा पहिल्यापासून रिकामी. बाई थट्टेखोर दिसतात. बरं झालं, करमेल इथे.

बुधवार, ६ मार्च

हिशेबाच्या बाईंनी आज कुंडी फोडली. खिडकीतलं झाड उन्हाला फिरवायला गेल्या, हातातून सुटली. खापरी लागून बोट चांगलंच कापलं. मी पट्टी बांधली, खापऱ्या गोळा करून माझ्या खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

संध्याकाळी ताईबरोबर पाव आणि अंडी आणायला गेले. दुकानदार माझ्याशी बोलला, मला पिशवी दिली, सुटे पैसे माझ्या हातात ठेवले. पैसे ताईने पुढे केले होते. वाटेत मी त्याच्या नावाने बोटं मोडली, तर ताई म्हणाली, दोन दिवस असंच चाललंय, कुणाचं लक्षच नसतं, मी म्हातारी झाले बहुतेक. पन्नाशीच्या बाईने असं बोलायचं म्हणजे काय.

तिचा चहाही तसाच गार होऊन गेला. प्यायची विसरले, म्हणाली.

गुरुवार, ७ मार्च

‘बाकीचं’ उघडलं. मला नको म्हटलं की मी तेच करणार, हे ताई नेहमी म्हणते.

फायली नाहीत त्यात. निदान मला ठाऊक असलेल्या प्रकारच्या नाहीत. रस्ते आहेत, रस्त्यांच्या आत घरं, घरांच्या आत खोल्या, खोल्यांत वस्तू आणि माणसं. माणसांना नावं नाहीत. डाकवाला. दूधवाल्याची सून. कोपऱ्यावरचा चष्मेवाला. आणि रोजच्या बदलात दोनच रकाने, ‘वाढ’ आणि ‘वजा’.

कालच्या बदलात आमचं ऑफिस सापडलं. वजा: खिडकीतली कुंडी. वाढ: खापऱ्या, बोटावरची जखम. मी हसलेच. म्हटलं, कुणीतरी बसून चेष्टा करतंय. आणि नेहमीच्या सवयीने तेवढा बदल निवडून ‘पूर्ववत करा’ दाबलं.

मग बाहेर गेले. कुंडी खिडकीत होती. हिशेबाच्या बाई टंकत होत्या, दहाही बोटं धडधाकट. पट्टी कुठे गेली विचारलं तर म्हणाल्या, कसली पट्टी. मी खोलीत येऊन कचऱ्याचा डबा पालथा केला. खापऱ्या नव्हत्या. कुठेच नव्हत्या. जे पूर्ववत होतं त्यातलं उरलेलं दुसरीकडे जात नाही, ते नसतंच.

मग सोमवारचा बदल उघडला. मी इथे आले तो दिवस.

वाढ: टकळी.
वजा: शिवणारी, दुसरा मजला.

शुक्रवार, ८ मार्च

रात्रभर ताईचा श्वास ऐकत पडले. सकाळी ती कोचावरून उठली तेव्हा उशीवर डोक्याचा खळगा नव्हता.

मागचे दिवस चाळून पाहिले. नेहमी असंच झालंय. एक आला की एक वजा. लगेच जात नाही तो. बदल सुटा आहे तोवर विरत राहतो, लोकांच्या नजरेतून, मग आठवणीतून. बदल मुरला की माणूस कधी नव्हताच. त्या उंच गृहस्थांना तीस दिवस तरी मिळायचे होते, ते मी मंगळवारी जेवता जेवता संपवले. ताईचे सात आहेत. ते सातही मीच ठरवले, पसारा बघवत नाही म्हणून.

सोमवारचा बदल येत्या सोमवारी मुरणार. जेवणाच्या सुट्टीत.

आज काय काय केलं ते लिहिते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. मुदत वाढवायला गेले, मशीन म्हणतं जागा नाही. नकाशांच्या जुन्या नकला उडवल्या, पगाराच्या उडवल्या. जागा तेवढीच. ‘मुदतीआधी मुरवावे’वरची खूण काढली. खोलीत फेरी मारून आले तर परत होती. ‘बाकीचं’ फुगतच चाललंय. कालच्या बदलात काय दिसलं, तर ही वही. मी लिहिलेलं पान न् पान, शब्द न् शब्द, आणि सगळ्यात जास्त जागा त्यानेच खाल्लेली. मी बोलते त्याची जागा होते.

दुपारी सगळे जेवत असताना मशीनची वायरच ओढून काढली. पंख्याची घरघर थांबली. मग बाहेरचा रस्ता थांबला. दारातून पाहिलं, हिशेबाच्या बाईंचा चमचा तोंडापाशी तसाच, साहेब अर्ध्या हसण्यात, आणि नळाखाली एक थेंब लोंबत होता, तो पडेना. घरी खिडकीपाशी ताईचा श्वासही असाच अडकला असणार, हे डोक्यात आलं आणि मी वायर परत खुपसली. थेंब पडला. साहेब हसून मोकळे झाले.

मग फक्त ताईला परत आणायला गेले. ‘वजा’मधली तेवढी एक ओळ निवडली. मशीनने दोन्ही ओळी निवडल्या. पुन्हा केलं, पुन्हा दोन्ही. एकाच टाक्यात आहोत आम्ही. उसवला तर ती राहते, मी नाही.

माझ्या जुन्या गावच्या घरमालकिणीला फोन केला. वाटलं, इथून पुसले गेले तर निदान तिथे असेन. तिने मला ओळखलं नाही. ती खोली आजवर कुणाला दिलीच नाही, म्हणाली. मी तिच्याकडे चार वर्षं राहिले आहे.

संध्याकाळपर्यंत त्या बटणासमोर बसून होते. हात उचलला नाही. भीती वाटली, दुसरं काही नाही. साहेब कुलूप लावायला आले आणि मी पर्स उचलून घरी आले.

शनिवार, ९ मार्च

सुट्टी. ऑफिस बंद, किल्ली साहेबांकडे, साहेब गावाला.

ताईला सगळं सांगितलं. खुळ्यात काढेल वाटलं होतं. तिने हातातली पँट बाजूला ठेवली आणि मला मशीनपाशी बोलावलं. टीप मारून दाखवली. मशीन चाललं, दोरा गेला, आणि कापड उचललं तर शिवण नाही. दोरा सरळ निसटून खाली. तीन दिवस असंच होतंय, म्हणाली. हाताने घातलेला कच्चा टाका तेवढा राहतो.

जिन्याच्या दारावरची पाटी कोरी झाली आहे. एक बाई आपली पँट मागायला वर आली, ताईच्या समोर उभी राहून मला म्हणाली, इथे शिवणारी राहते असं कुणी सांगितलं कोण जाणे.

मी म्हटलं, सोमवारी सकाळी जाऊन मी बटण दाबणार. यावर ताई जी चिडली. तुला काय मी यासाठी वाढवली, म्हणाली. माझं जगून झालंय, तुझं व्हायचंय, मुकाट्याने घरी बस. भांडलो. लहानपणी भांडायचो तसं, जुनं सगळं उकरून. आणि तिचा आवाज मध्येच ऐकू येईना. ओठ हलत होते नुसते.

मग आला परत. पण बारीक.

रविवार, १० मार्च

कमी लिहायचं. जागा जाते.

ताई दिवसभर खिडकीत. ऊन तिच्यातून येतं आणि जमिनीवर पडतं.

तिने माझा कोट मागून घेतला. बाह्या दुमडून पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घातले. सुई तीनदा बोटांतून पडली, मी उचलून दिली. म्हणाली, हा दोरा काढायचा नाही. पक्की टीप मी मारणार, माझ्या हाताने, तुला समोर उभी करून.

म्हणजे जा म्हणाली. की जाऊ नको म्हणाली. कळलं नाही. विचारलं तर हसली.

दुपारी तिला आईचं नाव आठवेना. माझं आठवत होतं.

सोमवार, ११ मार्च

ऑफिस. साहेबांच्या आधी येऊन दाराशी उभी होते. मशीन चालू. ‘बाकीचं’ उघडलं. सोमवारचा बदल अजून सुटा. मला वेळेत पोचता आलं —

दोन्ही ओळी निवडल्या आहेत. बटण समोर आहे. जेवणाला अजून वेळ आहे.

निघताना ताई दिसली नाही. कोचापाशी हाक मारली. माझ्या बाहीला काहीतरी लागलं, दुमडीपाशी, ती ओढून बघते तसं. एवढंच.

आता घाबरलेली नाही मी. खरंच. सात वर्षांची होते तेव्हा हिने स्वतःचं शिक्षण सोडलं, आणि कधी एकदा तरी बोलून दाखवलं का —

बाजूला लाल अक्षरं आली आहेत. जागा कमी. लिहायचं थांबवते. एवढंच सांगून.

ताई, ही वही तुझ्यापर्यंत पोचणार नाही, माझ्याबरोबरच जाईल, माहीत आहे मला. तरी लिहिते. तू परवा चिडलीस ते बरोबर होतं आणि मी ऐकणार नाही तेही बरोबर आहे. तू उद्या उठशील तेव्हा चहा पी. गार करू नकोस. आतल्या खोलीत परत झोपायला जा, कोचावर पाठ दुखते तुझी, तू सांगत नाहीस पण मला कळतं. तुला वाटेल इतकी वर्षं एकटीच होते. असू दे. कान सुटले म्हणायचे. शुक्रवारीच दाबायचं होतं मी, हात उचलला नाही, त्याबद्दल मला — नाही, हे नाही सांगायचं. सांगायचं ते एकच होतं, की मला कधीच आईची उणीव भासली नाही, कारण तू

वाक्य अर्धंच राहिलंय. का ते आठवत नाही. डोळा लागला असावा.

मशीन म्हणतंय मुरवणं पूर्ण झालं, डिस्क निम्मी रिकामी. साहेब डोकावून शाब्बास म्हणून गेले. जेवणाआधीच आटपलं म्हणजे माझी ती खूण कामाला आली. समोर पडद्यावर कसलंसं बटण होतं, पण निवडलेलं काहीच नव्हतं, म्हणून बंद केलं.

वर कुणा ताईबद्दल लिहिलंय. अक्षर माझंच आहे. मला बहीण नाही.

असो. आठवडा छान गेला. गाव शांत आहे, माणसं चांगली आहेत. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, एकटीला जरा मोठंच. कोच काढून टाकीन म्हणते. खिडकीपाशी जमिनीवर एक चौकोन जरा उजळ राहिलाय, तिथे टेबल बसेल.

उद्या ऑफिसात कुणी नवीन माणूस येतोय, हिशेबाच्या बाई म्हणाल्या. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. माझ्याशी बोलल्या की स्वतःशीच, कोण जाणे.

कोटाच्या बाह्यांना पांढरा दोरा राहिलाय कुणाचा तरी. मोठेमोठे टाके, शिकाऊ हाताचे. दुकानात काढायला विसरले असतील. असलं गबाळं मला बघवत नाही. एक टोक धरून ओढलं, सरसर निघाला. एका बाहीचा निघाला. दुसऱ्या बाहीचा ओढतेय तर मला रडू येतंय आणि कारणच सापडत नाही, आणि कुणीतरी अगदी जवळून, बाहीपाशी, मला न आवडणाऱ्या एका नावाने — नाही, आवडणाऱ्या — काय होतं ते, ट